खाली थेंबही नाही

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, छोटी मोटार आहे आणि मला पाणी धरून ठेवता येत नाही. ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. पण ज्या जिल्ह्यात विहिरी, तळी आणि बोअर यांनाही ते जमत नाही, तिथं माझ्या एकटीकडूनच ही अपेक्षा कशी काय होती, हे मला कधी उमगलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं मला चार चाकं मिळाली, पाच माणसांची जागा मिळाली (पाचवं माणूस नुसतं कागदावर), एक हॉर्न मिळाला आणि एक हीटर मिळाला. हीटर म्हणजे थंडीत गाडीच्या आत ऊब देणारी वस्तू. तो समोरच्या डॅशबोर्डच्या फळीमागं, डावीकडं बसणाऱ्या माणसाच्या पायांच्या जरा वर लपलेला असतो. इंजिनातलं तापलेलं पाणी एका नळीनं त्याच्यात जातं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. मी पुढं वडवणी तालुक्यात नांदायला जाणार, हे कारखान्याला माहीत नसावं. वडवणीकडच्या गाडीत हीटर बसवणं म्हणजे चुलीला घोंगडी पांघरणं.

माझी पहिली वर्षं पुण्यात एका साहेबांकडं गेली. ते मला रोज पुसायचे आणि रविवारी चालवायचे. मग त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी बबनरावांच्या दारात आले.

बबनराव ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकदा पडले होते आणि पुन्हा पडायची तयारी करत होते. पुढारी होऊ बघणाऱ्या माणसाला चारचाकी लागते, ती चालली नाही तरी दारात दिसावी लागते. मी दोन्ही करत होते, म्हणून माझं फार कौतुक झालं. पहिल्याच दिवशी मला नारायणगडाला नेलं. तिथं बबनरावांनी माझ्या बंपरवर नारळ आपटला. बंपर फुटला. नारळ नंतर दगडावर फोडला.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कपाळ कुठं आहे ते न सापडल्यामुळं त्यांनी माझ्या काचेलाच कुंकू लावलं. तेव्हा त्या धडधाकट होत्या. बसायच्या मात्र मागं, मांडीवर डबा घेऊन. पुढची डावी जागा बबनरावांची. तिथून ते रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचे, ओळखीच्यांना आणि मतदारांना सारखाच.

मग एका वर्षी वत्सलाबाईंचे पाय सुजले. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वडवणीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, आणि बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा बीडला यायचं. तिथं मशीन रक्त धुऊन परत अंगात सोडेल. एकही पाळी चुकवायची नाही. चुकली, तर अंगातलं पाणी छातीत चढेल.

त्या दिवशी परत निघताना बबनराव कोणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढाऱ्यानं पुढची जागा आपण होऊन सोडल्याचं मी पाहिलेलं हे पहिलं आणि शेवटचं उदाहरण.

पुढची जागा वत्सलाबाईंची झाली. त्यांचे पाय लोंबकळू नयेत म्हणून सून शिवकन्या हिनं खाली जुन्या गोधडीची जाडजूड घडी ठेवली. गाडी चालवायला मुलगा प्रविण. माझं काम ठरलं. वत्सलाबाईंना मशीनपर्यंत न्यायचं आणि मशीनपासून आणायचं. मित्रांनो, मी तोवर पुष्कळ ठिकाणी गेले होते, पण माझ्यावाचून कोणाचं अडेल असं पहिल्यांदाच घडत होतं.

डॉक्टरांनी वत्सलाबाईंचं पिण्याचं पाणी बांधून दिलं होतं. दिवसाला लहान पेल्यानं मोजून, घोटघोट. माप शिवकन्याच्या हातात. मीठ बंद, केळी बंद, शहाळं बंद, लोणचं बंद. वत्सलाबाई म्हणायच्या, "आता जे तोंडाला ग्वाड लागल ते आधी डॉक्टरला इचारायचं, म्हंजी त्येला बंद करता यील."

आणि नेमकं याच सुमाराला माझं पाणी गळायला लागलं.

दिवाळी झाली होती. माझ्या हीटरच्या आत एक बारीक भेग पडली. मी चालू लागले, तापले, की तिच्यातून पाण्याचा एकेक थेंब टपकायचा. तो कुठं पडायचा हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो वत्सलाबाईंच्या पायांवर पडायचा आणि गोधडीत जिरायचा. मला हे सांगता आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला बोलता येत नाही. तुम्ही इतका वेळ ऐकताय म्हणून विसरला असाल.

प्रविणनं पाहिलं की रोज सकाळी पाणी कमी. त्यानं भरलं. परत कमी. समोरची काच आतून धुरकट व्हायची, ती तो थंडी आहे म्हणून टॉवेलनं पुसायचा. शेवटी एके दिवशी तो पोतं अंथरून माझ्याखाली आडवा झाला.

"आबा, खाली थेंब बी न्हाई."

"मंग पाणी जायलंय कुठं?" बबनराव.

"त्येच तर कळना."

वत्सलाबाई ओसरीवर बसून हे बघत होत्या. माझ्या तोंडात घागर रिकामी होत होती आणि त्यांच्या हातात पेला होता. त्या घागरीकडं बघायच्या, मग पेल्याकडं. 

बबनरावांनी खूप विचार केला. ते विचार करत असताना घरात कोणी हलत नसे, कारण पुढं काय निघेल याचा नेम नसे.

"चोरी," ते म्हणाले.

"आबा, गाडीतलं पाणी कोन चोरतंय?"

"टँकरचं चोरत्यात. हौदाला कुलूप लावावं लागतंय. मंग गाडीतलं कावून न्हाई चोरनार? गाडीतलं तर गरम बी मिळतंय."

गावात पुरुष म्हणावा असा माणूस फारसा उरलाच नव्हता. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिले म्हातारे, शेळ्या आणि शेजारचा अजिनाथ. त्यामुळं बबनरावांना तपास फार सोपा गेला. ते सरळ अजिनाथच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अजिनाथ, गाडीतलं पाणी नेत जाऊ नगंस."

अजिनाथ शेळी पिळत होता. तो थांबला. "म्या? तुमच्या गाडीचं? माझी शेळी काय उकळायलीय का बबनराव, तिच्यात टाकायला?"

"तुझ्या शेळ्या लई टवटवीत दिसायल्यात."

"आवं, दुष्काळात लोकं शेळी मेली म्हनून बोंबलत्यात. तुमी जगली म्हनून बोंबलायलेत!"

"तसं न्हाई. पण हिशोब लागना."

"हिशोब लागना म्हनून मी चोर व्हय? मागल्या इलेक्शनचा तरी कुठं लागलता तुमचा?"

यावर बबनराव घरी परत आले आणि त्यांनी बैल विकल्यावर उरलेली साखळी काढली. ती माझ्या बॉनेटच्या फटीतून घालून बंपरखालून आवळली आणि तिला हौदाचं जादा कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला. मित्रांनो, मी जिल्ह्यात बऱ्याच गाड्या पाहिल्या, पण तोंडाला साखळी बांधलेली मी एकटीच. बीडच्या रस्त्यावर लोक मला जागा द्यायचे. त्यांना वाटायचं, ही चावते.

पाणी तरीही कमी होतच राहिलं. बबनराव म्हणाले, "त्येच्याकडं दुसरी किल्ली हाय."

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती फक्त मला आणि शिवकन्याला माहीत होती. बीडहून आल्यावर ती गोधडी काढायला यायची आणि गोधडी ओली असायची. पहिल्यांदा तिनं ती हातात धरली आणि इकडं तिकडं पाहिलं. सासूची लाज राखायची म्हणून पटकन काखेत मारून मागच्या दारी नेली, धुतली, वाळत घातली. दुसऱ्यांदाही ओली. तिसऱ्यांदा मात्र ती माझं दार उघडं ठेवून तशीच उभी राहिली. तिला आठवलं होतं की आत्यांना, म्हणजे सासूला, लघवी होत नाही. कित्येक महिने जवळजवळ नाहीच. आणि बीडचे डॉक्टर म्हणाले होते, लघवी व्हायला लागली तर ते चांगलं लक्षण.

तिनं ओली गोधडी छातीशी धरली. मग माझ्या काचेत बघून, म्हणजे स्वतःलाच, हळूच म्हणाली, "चालू झाली वाटतं."

कोणाला सांगितलं नाही. नजर लागली असती. सासूला असलं विचारायचं कसं, हाही प्रश्नच. तिनं मनातल्या मनात नवस केला, आणि दुसऱ्या दिवसापासून वत्सलाबाईंच्या पेल्यात एक घोट जास्त पडायला लागला. किडनी काम करतेय, मग तिला पाणी नको का? आठवड्यानं आणखी एक घोट. वत्सलाबाईंनी पहिल्या दिवशी पेल्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि काही न विचारता पेला रिकामा केला.

पाणी माझं गळत होतं. जमा त्यांच्या अंगात होत होतं.

संक्रांतीच्या आधी मला वडवणीला बंकटच्या गॅरेजात नेलं. बबनराव जातीनं आले होते, कारण किल्ली. बंकट आत्मविश्वासानं भरलेला माणूस होता. त्यानं साखळीकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. गिऱ्हाईकाच्या घरगुती गोष्टीत तो पडत नसे. त्यानं झाकण बदललं. "आता शंभर टक्के." पुढच्या खेपेला नळ्या बदलल्या. "आता शंभर टक्के." त्यापुढं त्याला पडताळून बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं मूठभर हळद माझ्या पाण्यात टाकली.

"ह्ये काय बे?" प्रविण म्हणाला.

"हळद. बारीक भोक आसलं तर आपसूक बुजतंय. माणसाच्या जखमेला लावत न्हाईत का?"

हे त्याचं अगदीच खोटं नव्हतं. रेडिएटरची बारीक भोकं अशी कधीकधी बुजतात. पण माझं भोक रेडिएटरला नव्हतं, आणि बारीकही राहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला माझ्यातून पिवळं पाणी टपकलं आणि बीडला पोचेपर्यंत वत्सलाबाईंची पावलं पिवळीजर्द झाली.

आता तरी कळेल, असं मला वाटलं. मित्रांनो, तुम्हाला मराठी महिने माहीत असतील तर तुम्ही असली आशा करणार नाही. संक्रांत होती. घरोघरी हळदीकुंकू. सवाष्णीचे पाय पिवळे असले तर त्यात विचारण्यासारखं काय? दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, कुणाकडं गेल्ता हळदीकुंकवाला?" बबनरावांना बायको चार घरी जातेय याचा आनंद झाला. आणि शिवकन्यानं गोधडी उचलली तेव्हा ती पिवळी झाली होती. तिला आणखी कसला पुरावा हवा होता? गोधडीला वासही हळदीचाच येत होता, पण माणसाला आशा असली की त्याचं नाक काम करत नाही.

आणि ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी बबनराव गाडीत नव्हते. दिंद्रुडला कोणाच्या तरी दहाव्याला गेले होते. पुढाऱ्याला लग्न चुकलं तर चालतं, दहावा चुकवून चालत नाही. किल्ली त्यांच्या करदोट्याला, म्हणजे तीही दहाव्यालाच.

बीडच्या रस्त्यावर निम्म्या वाटेत माझा तापमानाचा काटा वर चढला. प्रविणनं मला कडेला घेतलं. माझ्या तोंडातून वाफ निघाली, साखळीच्या कड्याकड्यातून. डिकीत पाण्यानं भरलेले दोन कॅन होते. बॉनेटवर कुलूप होतं.

प्रविणनं फोन लावला. बबनरावांचा फोन बंद. दहाव्यात ते फोन बंद ठेवतात, चांगली सवय आहे. मग त्यानं दगड घेतला आणि कुलपावर घालायला सुरुवात केली. हौदाचं कुलूप होतं ते. टँकरची अख्खी रांग अंगावर आली तरी तुटू नये म्हणून बनवलेलं. उसाचे ट्रॅक्टर बाजूनं जात होते. वरचे तोडकरी बघत होते की एक माणूस स्वतःच्याच गाडीला दगडानं मारतोय.

"आत पाणी न्हाई, डिकीत पाणी हाय, आन् मधी आबा हायत," प्रविण म्हणाला. तो हसायला बघत होता. त्याचा हात रक्ताळला होता.

वत्सलाबाई दार उघडून बसल्या होत्या. त्यांचा श्वास आधीच जरा वर लागला होता. त्या म्हणाल्या, "मारू नगं तिला. बिचारी आधीच तापलीय."

एसटी आली ती उभी राहिली नाही. मग एक जीप मिळाली. बीडला पोचल्या तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसरा माणूस होता. उद्या या, म्हणाले.

ती रात्र घरात कशी गेली हे मी पाहिलं नाही, कारण मला ट्रॅक्टरला बांधून बंकटकडं ओढत नेलं होतं. नंतर जे कानावर आलं त्यावरून एवढं कळलं की वत्सलाबाईंना आडवं होता येत नव्हतं. त्या बसून राहिल्या, आणि पाठीला पाठ लावून बबनराव बसून राहिले. पहाटे त्यांना ऑक्सिजन लावून नेलं. त्या परत आल्या पुष्कळ दिवसांनी, निम्म्या होऊन. आता त्यांना उचलून सीटवर ठेवावं लागे.

तोवर बंकटनं माझं इंजिन उघडून बसवलं होतं. रेडिएटर नवा घातला. माझ्या पोटातलं सगळं बदललं, जे बिघडलं होतं तेवढं सोडून. "आता साधं पाणी टाकू नका," तो म्हणाला, "कूलंट टाका. हिरवं येतंय. आता शंभर टक्के."

साखळी बबनरावांनी स्वतः काढली. कुठं टाकली ते कोणाला सांगितलं नाही.

पुढच्याच पाळीला डायलिसिसच्या खोलीत गोंधळ उडाला. मी बाहेर पार्किंगमध्ये होते, पण परतीच्या वाटेवर सगळं ऐकलं. नर्सबाईंनी पांघरूण सरकवलं आणि त्या ओरडल्या. वत्सलाबाईंच्या टाचांच्या भेगा हिरव्या होत्या. पोपटी हिरव्या. एक डॉक्टर आले. त्यांनी दुसऱ्यांना बोलावलं. दुसऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाय हिरवेच.

"हे कधीपासून आहे?"

"आधी पिवळे व्हते," बबनराव म्हणाले. "आता पिकायच्या ऐवजी कच्चे व्हायलेत."

डॉक्टरांनी पिवळ्याची नोंद केली. "घरात अजून कोणाला असं आहे का?"

प्रविणनं हळूच हात वर केला. त्याची बोटं हिरवी होती. सकाळीच त्यानं माझ्यात कूलंट ओतलं होतं. डॉक्टर गंभीर झाले. ते 'आनुवंशिक' असं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात प्रविण आपल्या बोटांकडं बघायला लागला. मग आईच्या टाचांकडं. मग परत बोटांकडं. आणि पळत सुटला.

तो पार्किंगमध्ये आला, मागं शिवकन्या. त्यानं माझं डावं दार उघडलं, गोधडी ओढून बाहेर काढली आणि पिळली. हिरवी धार पडली. त्यानं फळीखाली हात घातला, हात हिरवा झाला.

"सापडली!" तो मॅच जिंकल्यासारखा ओरडला. "हीटर गळायलाय! आपून खाली शोधायलो, आन् ह्ये समदं आत! ह्या गोधडीत!"

शिवकन्या म्हणाली, "आधीपासून ह्येच व्हतं?"

"दिवाळीपासनं! कावून?"

"म्हंजी संक्रांतीचं पिवळं?"

"बंकटची हळद. आगं, काय झालं?"

ती माझ्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसली. "मला वाटलं, आत्याचं हाय."

"आईचं काय?"

"मला वाटलं, किडनी चालू झाली."

 प्रविणच्या हातातली गोधडी गळत राहिली. मित्रांनो, इतक्या महिन्यांत माझं पाणी पहिल्यांदाच जमिनीवर, सगळ्यांना दिसेल असं पडत होतं, आणि ते बघायला कोणाचं मन नव्हतं.

त्या दिवशी परतताना प्रविण मला सावकाश चालवत होता. काटा मध्यावर होता. मग मागून शिवकन्या म्हणाली, "आत्या, मी पाणी वाढवलतं तुमचं. मला वाटलं..."

"म्हाईत हाय मला."

"मंग नगं म्हनायचं की."

"कावून म्हनू? लई ग्वाड लागायचं."

प्रविण म्हणाला, "आई, रोज पाय भिजायलेत, तुला एकदा बी सांगावं वाटलं न्हाई? आबांनी अजिनाथ काकाला चोर केलं, गाडीला कुलूप ठोकलं, बंकटनं समदं इंजिन उघडलं. तू नुसतं म्हनली आसतीस, पाय वले झाले!"

वत्सलाबाईंनी दमानं श्वास घेतला. "कोमट असायचं रं त्ये. सुजल्या पायाला शेक बसायचा. आधी मला वाटलं तूच सोय केलीस, आसंल चांगल्या गाडीत. मंग समजलं सोय न्हाई, काय तरी बिघडलंय. पण म्हनलं, सांगितलं की ह्ये बी बंद करताल."

मागच्या सीटवर बबनरावांनी खिडकीकडं तोंड केलं. रस्त्यानं कोणीतरी ओळखीचं जात होतं, त्यानं हात केला. बबनरावांनी केला नाही.

दुरुस्ती वडवणीलाच झाली आणि चहा निवायच्या आत झाली. बंकटनं हीटरकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या, एकमेकींना जोडल्या आणि वर पट्टी आवळली. आता पाणी हीटरमध्ये जाणारच नाही. "हिकडं हीटर लागतो कुनाला?" तो म्हणाला. या वेळी तो शंभर टक्के म्हणाला नाही, आणि या वेळी ते खरंच शंभर टक्के होतं.

गोधडी उन्हात वाळवून, घडी घालून परत ठेवली. वत्सलाबाईंनी पुढच्या पाळीला पाय तिच्यावर ठेवले, जरा वाट पाहिली आणि उचलून घेतले. प्रविणनं घरी पाट मांडला, कोमट पाण्याची बादली आणली. पाय बुडवले, बरं वाटलं, असं त्या म्हणाल्याही. पण बीडच्या वाटेवर त्या आता डोळे मिटून बसायच्या, आणि दवाखान्याची कमान आली की म्हणायच्या, "आलं का?" त्या आवाजावरून कळायचं, की तीच वाट त्यांना आता लांब वाटतेय.

मी मात्र कधी नव्हते एवढी ठणठणीत झाले. काटा मध्यावर, पाणी खुणेपर्यंत, समोरची काच स्वच्छ. अजिनाथ एकदा मला बघायला आला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "निर्दोष सुटलो बरं का."

मग एका सकाळी प्रविणनं मला सुरू केलं, अंगणात वळवून दार उघडून ठेवलं, आणि वत्सलाबाई आल्या नाहीत.

"आज न्हाई, आता कवाच न्हाई," त्या बाजेवरून म्हणाल्या.

"आई, पाळी हाय. गाडी एकदम ठीक हाय आता."

"गाडी ठीक हाय रं. मला दिसायलंय की."

शिवकन्या त्यांच्या उशाशी बसली. तिनं काही समजावलं, रडली, पुन्हा समजावलं. वत्सलाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. हे मी उघड्या दारातून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्टही नव्हता. त्या थकल्या होत्या.

बबनराव घरातून आले. बायकोशी काय बोलावं ते त्यांना सुचलं नसावं, म्हणून ते माझ्याकडं आले. त्यांनी बॉनेट उघडलं. पाण्याची पातळी बघितली, ती बरोबर होती. नळ्या दाबून बघितल्या, पट्टी हलवून बघितली, हाताला काही लागतं का म्हणून सगळीकडून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात एखादी गळती सापडावी म्हणून त्या माणसानं इतकी धडपड केली, की माझ्या हातात असतं तर मी त्यांना एखादी गळती काढून दिली असती.

"काय बगायलेत?" वत्सलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बंद करा तिला. फुकट जळायलीय."

प्रविणनं किल्ली फिरवली. बबनराव बॉनेट धरून तसेच उभे राहिले.

लहान मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गाडी असेल, तर तिचं पाणी रोज सकाळी, ती गार असताना बघत जा. तिला कुलूप लावू नका, तिच्यात हळद घालू नका. पाणी कमी झालं आणि खाली ओल दिसली नाही, तर आत शोधा, पायाखालचं अंथरूण उचलून बघा. गळती सापडली की ती बुजवायलाच हवी, मी स्वतः गाडी असून याच्या उलट कसं सांगू? पण बुजवायच्या आधी आत बसलेल्या माणसाला एकदा विचारा, की ते पाणी तुझ्या काही कामी येत होतं का.